विजय दिवसाची हाक

विजय दिवसाचा कार्यक्रम आटोपला आणि सत्काराची शाल अंगावर तशीच ठेवून शेवंताआक्का थेट इंदूबाईंच्या घरी आल्या. दोघींची पोरं एकाच पलटणीत होती. आक्कांचा पोरगा सीमेवरच कामी आला. इंदूबाईंचा दिनकर डोक्यात तोफगोळ्याची कपची घेऊन परतला. तेव्हापासून तो खाटेवर होता. भरवलं तर खायचा, पण आईलाही ओळखत नव्हता.

"तुझं बरं हाय बाई," आक्का डोळे पुसत म्हणाल्या. "तुझा डोळ्यापुढं तरी हाय."

 इंदूबाई पाणी आणायला आत गेल्या. आक्का खाटेवर टेकल्या आणि त्यांनी दिनकरच्या केसांतून हात फिरवला.

"आई," दिनकर म्हणाला.

आत इंदूबाईंनी भरता तांब्या तसाच खाली ठेवला. इतक्या वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. त्या धावत बाहेर आल्या. दिनकर आक्कांचा हात गालाशी धरून हसत होता.

आक्का गडबडल्या. "आरं, म्या न्हाई. तुझी आई ही बघ."

"असू द्या आक्का," इंदूबाई कशाबशा म्हणाल्या. "त्यानं हाक मारलीय, ओ तर द्या."

आक्कांनी ओ दिली आणि त्या हमसून हमसून रडल्या.

त्या गेल्यावर इंदूबाईंनी भात कालवला. खाटेशी बसून दिनकरच्या केसांतून तसाच हात फिरवला. "दिनू, म्या हाय रं."

परक्या बाईकडे बघावं तसं त्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग घास बाजूला सारून विचारलं, "मावशी, आई परत कधी येणार?"