गाठीने न ओळखलेलं इन्सुलिन

"साखर आटोक्यात आहे आणि गाठही विरली," डॉक्टर गद्रे म्हणाल्या.

हेमलताबाईंनी हात जोडले. मधुमेहासाठी त्या आधी घेत होत्या तेच इन्सुलिन त्यांच्या कर्करोगाच्या गाठीला पोसत होतं. डॉक्टरांनी शोधलेलं हे नवं इन्सुलिन शरीराला ओळखू येई, गाठीला मात्र येत नसे.

"आभार रुखसाना मुल्लांचे माना. या इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन त्यांनी घेतलं. स्वतःच्या गाठीसाठी उशीर झालाय, हे ठाऊक असूनही."

हेमलताबाई मिरजेला गेल्या. रुखसानांचे पती दुकानात तंबोऱ्याला तारा चढवत होते.

"तुमच्या पत्नीमुळे मी जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

मुल्लांनी तंबोरा बाजूला ठेवला.

"बसा. ती म्हणायची, मला नाही तर नाही, कुणाला तरी गुण येईल. कुणाला आला, ते आज कळलं."