वळ शोधायला आलेली आई

"शर्ट काढ," चांगुणा म्हणाली.

रविराज लाजला. सतरा वर्षांचं पोर, मिसरूड फुटलेलं. आईबापासमोर अंग उघडं करायचं म्हणजे लाजणारच. पण चांगुणा आज लाड करायला आलीच नव्हती. ती वळ शोधायला आली होती. एक जरी वळ दिसला, तरी पोराला आत्ताच्या आत्ता घरी न्यायचं, असं तिनं नागापूरहून निघतानाच नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. वाल्मिकनं मान हलवली होती, पण मनातून नाही.

देवळाली प्रवराच्या पुढं, उसाच्या रानात हे व्यसनमुक्ती केंद्र. तीन महिन्यांपूर्वी रविराजला इथं आणलं ते खोटं बोलून. नशेच्या गोळ्यांपायी त्यानं अकरावी सोडली, आईच्या कानातलं विकलं आणि एक दिवस बापावरच हात उगारला. तेव्हा चांगुणानंच त्याला सांगितलं, कर्जतला मामाच्या गावी जत्रा आहे, गाडी आलीय, बस. गाडीत केंद्राची चार माणसं होती. पोरानं काचेआडून मारलेली हाक तिच्या कानातून अजून गेली नव्हती.

पहिले तीन महिने भेट बंद, हा इथला नियम. त्यातच कुठल्याशा केंद्रातून पळून आलेल्या पोराची बातमी गल्लीत पसरली. पाइपानं मारतात म्हणे. लगेच गल्लीत दोन तट पडले. निम्मे म्हणाले, असली केंद्रं बंद करा. निम्मे म्हणाले, मग ही कार्टी तुमच्या घरी ठेवून घ्या. वाल्मिक दुसऱ्या तटातला. "छडी लागे छमछम," तो म्हणायचा. पाठ दुसऱ्याची असली की ही म्हण फार गोड लागते.

रविराजनं शर्ट काढला. अंग भरलं होतं. डोळे स्वच्छ होते. पाठीवर मात्र तीन काळपट रेघा.

चांगुणानं त्यांवरून बोट फिरवलं. "हे काय रं?"

"जुनं हाय, आई. पहिल्या महिन्यातलं. तवा लई मारायचे."

"अन् आता?"

"आता न्हाई. आता मी लीडर झालो ना."

लीडर म्हणजे काय, तेही त्यानंच सांगितलं. जुन्या, सुधारलेल्या मुलाला नव्या मुलांवर नेमतात. त्यांना पहाटे उठवायचं, कवायत करून घ्यायची, शिस्त लावायची. केंद्र चालवणाऱ्या सरांचा त्याच्यावर भरवसा होता. इतरांच्या भेटीला केंद्राचा माणूस शेजारी बसतो. यांच्याजवळ कोणी बसलं नव्हतं, ते त्यामुळंच.

वाल्मिकची छाती फुगली. "बघ," तो बायकोला म्हणाला, "कंपनीत मला वीस वर्षांत कोणी लीडर केलं न्हाई."

चांगुणालाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. जुने वळ काय, जातील. पोर तर हाती लागलं.

"अमृत, पाणी आण," रविराजनं दाराकडं बघून हुकूम सोडला.

पंधरा-सोळा वर्षांचा एक काटकुळा मुलगा तांब्या-पेला घेऊन आत आला. त्यानं पेला भरून पुढं धरला. तो घ्यायला रविराजनं हात वर केला मात्र, आणि अमृतनं कोपर आडवं घेऊन तोंड झाकलं. पाणी फरशीवर सांडलं.

 अमृत खाली बसून आपल्याच शर्टाच्या टोकानं फरशी पुसू लागला. रविराज "जा" म्हणाला तेव्हा तो पळतच गेला.

"तू मारतोस व्हय रं त्याला?" चांगुणानं विचारलं.

रविराज शर्टाची बटणं लावत होता. "मी मारलं न्हाई, तर सर मला मारतात, आई."

चांगुणा नवऱ्याकडं बघत राहिली. ठरल्याप्रमाणं आता उठायचं होतं, पोराचा हात धरायचा होता. वाल्मिक हळूच म्हणाला, "अजून तीन महिने राहू दे. घरी नेला अन् पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, तर काय करशील?" ती बसूनच राहिली. तिला स्वतःची लाज वाटली. पण मार खाणारा आपला नाही, याचा दिलासा त्या लाजेहून मोठा होता.

दोघं पोराला न घेताच बाहेर पडली, तेव्हा फाटकाबाहेर एक बाई उभी होती. राहुरीकडची, छबूबाई नावाची. दहा दिवसांपूर्वी तिनं मुलाला इथं सोडलं होतं आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिला भेट मिळणार नव्हती. म्हणून आत जाऊन आलेल्या कोणाला तरी विचारायचं, असं ठरवून ती सकाळपासून थांबली होती. मागं तिचा भाऊ टेम्पो घेऊन तयार होता.

"ताई, तुमी पोराला भेटून आलात ना? आत मारतात का हो?" तिनं चांगुणाचा हातच धरला. "माझा अमृत लई भित्रा हाय. तुमी नुसतं व्हय म्हणा, मी सरांशी भांडून त्याला आत्ता घरी नेते."

वाल्मिक दुसरीकडं बघू लागला. या बाईनं आत जाऊन आरडाओरडा केला, तर सर आधी लीडरला धरणार, एवढं चांगुणाला कळत होतं. मग पुन्हा कोणाच्या पाठीवर काय उमटणार, तेही कळत होतं.

"न्हाई हो," ती म्हणाली. "माझ्या पोराला कोणी हात लावत न्हाई. चांगला सुधारलाय तो."

छबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चांगुणाला हात जोडले आणि भावाकडं वळून म्हणाली, "चल, गाडी फिरव. यांच्या पोराच्या संगतीनं आपला अमृत बी सुधरंल."