सोपी कुठली?

"आधी एवढं सांग, फ्रेंच सोपी की स्पॅनिश?" भाकरी आमटीत कुस्करता कुस्करता गुरुशांतनं लेकीला विचारलं.

"लोक म्हणतात, स्पॅनिश सोपी," अक्षता म्हणाली. "लिहिलंय तसंच वाचायचं. फ्रेंचचं तसं नाही. निम्मी अक्षरं नुसती बसून असतात, कामच करत नाहीत."

"म्हणजे आपल्या दुकानासारखंच की!"

अक्षता हसली नाही. तिला पुण्याला राहून वर्षभराचा भाषेचा कोर्स करायचा होता. आज संध्याकाळपर्यंत तिकडं कळवायचं होतं. कुठली भाषा घ्यायची ते तिचं तिनं ठरवलं असतं. पण जायचं की नाही, ते अप्पांच्या हातात होतं. आणि अप्पा आठवडाभर हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. सोपी कुठली, तेवढंच विचारत होते.

गुरुशांतचं सात रस्ता चौकाजवळ साड्यांचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढतानाच तो ओळखायचा, हे कानडी, हे तेलुगू, हे मराठी. ज्याच्या त्याच्या भाषेत त्याला 'या, बसा' म्हणायचा. त्याचा त्याला मोठा अभिमान. आणि आपल्या पोरीला भाषेचं अंग नाही, याची तेवढीच खंत. घरात नवरा-बायको आपसांत कानडी बोलत. पण पोर शाळेत मागं पडायला नको म्हणून तिच्याशी फक्त मराठी. आजीलाही तशीच ताकीद. पुढं पुढं कानडी उरली ती पोरीच्या कानावर जाऊ नयेत अशा गोष्टींपुरती.

"घरातली कानडी हिला येईना, आणि साता समुद्रापलीकडची येणार आहे!" अक्षताची आई शिवलीला भाकरी वाढत म्हणाली. "तशी ही पहिल्यापासून जगावेगळीच. इंजेक्शनचा दिवस असला की सकाळीच गच्चीवर टाकीमागं जाऊन बसायची. आणि आम्ही दोघं गुपचूप सिनेमाला निघालो की फ्रॉक घालून दारात हजर. कसं कळायचं, देवाला ठाऊक."

कोपऱ्यात शेंगदाणे निवडत बसलेल्या पार्वतम्माला एकदम ठसका लागला. नातीनं उठून आजीला पाणी दिलं.

गुरुशांत बायकोकडं वळला आणि कानडीत बोलू लागला. आमटीत मीठ कमी आहे हे सांगताना करावा, तसा चेहरा करून.

"रविवारी मैंदर्गीची मंडळी येतायत. मुलगा चांगला आहे, ट्रॅक्टरची एजन्सी आहे. पुण्याला नाही म्हटलं तर ही रडून गोंधळ घालेल. म्हणून भाषा सोपी आहे, हे तिच्याच तोंडून निघू दे. मग म्हणू, एवढी सोपी आहे तर मोबाइलवर शीक की घरी बसून. दिवाळीनंतर बार उडवून टाकू."

"आणि पाहुणे येणार ते तिला कधी सांगायचं?" शिवलीलानंही कानडीतच विचारलं.

"शनिवारी रात्री. आधी नको."

मग तो मराठीत आला. आवाजही गोड झाला. "हं, मग काय बाळ? स्पॅनिश सोपी ना?"

अक्षतानं आमटीची वाटी खाली ठेवली.

"अप्पा, नंगेल्ला तिळीतद," ती म्हणाली. मला सगळं समजतं.

गुरुशांतचा घास हातातच राहिला. पोरगी पुढचंही कानडीतच बोलली. सावकाश, पण मैंदर्गीच्या बाजारात बोलतात तशा ठसक्यात. "मी फ्रेंच घेते. अवघड आहे म्हणतात, मोबाइलवर नाही यायची. आणि रविवारच्या पाहुण्यांना चहा जरूर पाजा. मी त्या दिवशी पुण्यात असेन."

शिवलीलाच्या हातातली भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली.

"कुणी शिकवली तुला?" गुरुशांतनं विचारलं. कुठल्या भाषेत विचारावं तेच त्याला कळेना. अर्धं कानडीत झालं, अर्धं मराठीत.

"तुम्हीच की. माझ्यापासून काही लपवायचं असलं की तुम्ही कानडीत बोलायचा. मग मी नीट ऐकायची."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता."

पार्वतम्मा तोंडाला पदर लावून हसत होती. "दुसरीत होती तवापासनं मला ठावं हाय. तुमच्या सिनेमाची खबर आदी माज्याकडं यायची."

"अव्वा, मग सांगायचंस तरी!"

"तूच म्हनाला हुतास की, पोरीसंगं कानडीतला एक शबुद काढायचा न्हाय. मी कुटं काढला?"

गुरुशांत खाली बघत घास चावत राहिला. पायरीवरचं गिऱ्हाईक ओळखणारा माणूस तो. घरातलं हे एक त्याला इतकी वर्षं ओळखता आलं नव्हतं.

जेवण उरकून तो हात धुऊन आला. सवयीनं बायकोच्या जवळ जाऊन, आवाज उतरवून, कानडीत काहीतरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं. लेक मान वर करून बघत होती. त्यानं तोंड मिटलं. शिवलीला त्याच्याकडं बघत राहिली, तो शिवलीलाकडं.

"कळव पुण्याला," शेवटी तो मराठीत म्हणाला. "मैंदर्गीला मी फोन करतो. पण एक अट आहे. तू फ्रेंच शीक, अजून काय पाहिजे ते शीक. स्पॅनिशच्या वाटेला जायचं नाही."

"का हो, अप्पा?"

"ती सोपी आहे म्हणालीस ना? मग ती मला आणि तुझ्या आईला राहू दे."