आईची काळी खिडकी

"केयूर, तुझ्या आईला सांग, चहात साखर नाही."

"केयूर, तुझ्या बाबांना सांग, डबा त्यांच्या कोपराला लागलाय."

कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये तिघं एकाच टेबलाशी बसले होते आणि अबोल्याचा आज पाचवा दिवस होता. केयूर बंगळूरहून दोन आठवडे घरून काम करायचं म्हणून आला होता. आल्यापासून त्याला कामापेक्षा पोस्टमनकीच जास्त करावी लागत होती.

कारण म्हटलं तर तिळाएवढं. त्याच्या आईचा, हेमाताईंचा, गाण्याचा क्लास सव्वीस वर्षांनी बंद होणार होता. शेवटच्या रविवारी जुन्या विद्यार्थिनी जमणार होत्या आणि प्रत्येकीला तिचं क्लासमधलं पहिलं गाणं भेट द्यायचं, असं हेमाताईंनी ठरवलं होतं. कॉम्प्युटरवर चार हजार रेकॉर्डिंगं नुसती ढिगाने पडली होती. पाहुण्यांसमोर हा विषय निघाला तेव्हा श्रीधरराव म्हणाले, "अडगळ आहे सगळी." म्हणाले गमतीनेच. पण हेमाताईंनी तिथून जे तोंड मिटलं ते मिटलंच, आणि माफी मागणं श्रीधररावांच्या रक्तात नव्हतं.

खरं तर तो ढीग उपसायला त्यांच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. बँकेच्या संगणक विभागात त्यांनी तीस वर्षं काढली होती. काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या आणि काम करून घ्यायचं, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. पण अबोल्यात विचारणार कोण? केयूरने स्वतः करून देतो म्हटलं, तर हेमाताईंना कुणाचेच उपकार नको होते.

"मला शिकव. माझं मी करीन."

मग केयूरने एआयची सोय करून दिली. कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत आईने साध्या मराठीत लिहायचं. एआय त्याची आज्ञा करून देणार, ती काय करील ते मराठीत सांगणार, आणि आईने 'हो' लिहिलं तरच चालवणार. कुठे अडलंच, तर घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही त्याच खिडकीत लिहिता येईल, एवढीही व्यवस्था त्याने करून ठेवली.

पहिल्याच दिवशी हेमाताईंनी लिहिलं, 'सगळी गाणी एका जागी आण.' आज्ञा आली. त्या 'हो' लिहिणार, तेवढ्यात चष्मा शोधत आलेले श्रीधरराव पाठीमागे जोरात खाकरले.

"केयूर, तुझ्या आईच्या मशीनला सांग, प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये 'गाणे एक' नावाची फाइल आहे. सगळ्या एका जागी आणल्या तर एकीवर एक बसतील आणि शेवटची तेवढी उरेल."

केयूर चपापला. बाबांचं म्हणणं बरोबर होतं. सव्वीस वर्षं एका 'हो'ने गेली असती.

"केयूर, बाबांना सांग, कळलं," हेमाताई म्हणाल्या. मागे वळून मात्र त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर मशीन शहाणं झालं. प्रत्येक आज्ञेआधी ते लिहू लागलं, 'आधी प्रत काढून ठेवतो. काहीही पुसलं जाणार नाही. चालवू का?' उत्तर यायला जरा वेळ लागे आणि दुपारी जेवणानंतर तासभर तर यायचंच नाही. सर्व्हरवर गर्दी असेल, केयूर म्हणाला. हेमाताईंची तक्रार नव्हती. त्या तासन् तास खिडकीसमोर बसत आणि कुठली मुलगी कोणत्या साली आली, कोण पट्टी सोडायची, कोण रडायची, हेही लिहीत. मशीन सगळं वाचे. एकदा तर त्याने लिहिलं, 'आपण सकाळपासून बसला आहात. डोळ्यांना विश्रांती द्यावी.'

"हल्ली ही मशीनं काळजीसुद्धा घेतात," केयूर कौतुकाने म्हणाला.

"घरात कुणीतरी घ्यायला हवीच," हेमाताई मोठ्याने म्हणाल्या. आतल्या खोलीत श्रीधरराव केयूरचा जुना लॅपटॉप मागून घेऊन पेपर वाचत होते. त्यांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही.

रविवारी हॉल भरला. कर्वेनगरहून आलेल्या ऋतुजाने आपला सातव्या वर्षीचा आवाज ऐकला आणि स्वतःच्या मुलीला जवळ घेऊन ती हसता हसता रडायला लागली. बेचाळीसच्या बेचाळीस गाणी सापडली होती. "याचं श्रेय माझ्या मशीनला," हेमाताईंनी माइकवर सांगितलं. श्रीधरराव शेवटच्या रांगेत चिवड्याच्या बशा मोजत होते.

केयूरला आनंद झाला, पण उद्या तो परत जाणार. नंतर या दोघांचे निरोप कोण पोचवणार? एकमेकांशी अक्षरही न बोलता ही दोन माणसं या घरात दिवस कसे काढणार, याचाच त्याला घोर लागला. निदान आईला ते मशीन तरी असू दे, असा विचार करून संध्याकाळी घरी त्याने वर्षभराची वर्गणी भरायला एआय कंपनीचं पान उघडलं.

मोफत वापराची मुदत पहिल्याच दिवशी संपली होती. त्या दिवशीचे तीन प्रश्न नोंदलेले होते, त्यानंतर एकही नाही. केयूरने मान वर केली. बाहेरच्या खोलीत हेमाताई काळ्या खिडकीत काहीतरी वाचून गालात हसत होत्या आणि आतल्या खोलीतून एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत होता. तो आईशेजारी जाऊन बसला. "आई, अगं हे मशीन..." हेमाताईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "हळू बोल," त्या कुजबुजल्या. "मला पहिल्यापासून माहीत आहे हे त्यांना कळलं, तर अबोला सुटेल. आणि तो सुटला, तर इतकं कोण बोलणार आहे माझ्याशी?"