पाण्याखालचा नाताळ

माझ्या नवऱ्याला, व्हर्जिलला, अलाबामाच्या रणरणत्या जुलैतही बास मासे सापडतात कुठे, हे मला लग्नापासून कोडं होतं. लग्नाच्या विसाव्या वर्षी त्याने मला तळ्यावर होडीत घेतलं. “उन्हाळ्यात मासा तळाशी बसतो. गळाला लावलेलं रबरी गांडूळ खाली सोड, हळूहळू ओढ.” गळाच्या दोरीवर टकटक जाणवली. मी हिसका दिला. मासा निसटला, गळ अडकला. “खाली आहे तरी काय?” मी विचारलं. तो ओशाळला. “आपली नाताळची झाडं. दर जानेवारीत दगड बांधून बुडवतो. माशांना आडोसा होतो.” ओढल्यावर काळी फांदी वर आली, तिच्यावर सासूबाईंचा पत्र्याचा तारा! तो नणंदेने लांबवला असं समजून मी सहा वर्षं अबोला धरला होता. “काढायचा राहिला वाटतं,” व्हर्जिल पुटपुटला. “आजच तिची माफी मागते.” “माग की! पण तारा कुठे सापडला ते सांगू नकोस. तिचा नवरा इथेच गळ टाकून बसेल!”