सगळेच वरपक्ष

मुंडावळ्या मागे सारून केतकीने लॅपटॉप उघडला. बाहेर तीनशे पाहुणे ढिम्म बसले होते आणि पंगतीत वाढायला कोणीच नव्हतं.

लग्नाचं ॲप तिनेच लिहिलं होतं. त्यातल्या ‘पाहुणा’ या क्लासचा, म्हणजे कोडमधल्या साच्याचा, पालक-साचा अटीवर ठरायचा आणि पाहुण्याला त्याचेच नियम लागायचे: मुलाकडचा असेल तर वरपक्ष, म्हणजे मानपान, नाहीतर वधूपक्ष, म्हणजे कामं. अट दर पाहुण्यामागे तपासली जाईल, असं ती धरून चालली होती. मेली एकदाच तपासली गेली, प्रोग्रॅम सुरू होताना, नवरदेवाच्या मामांचं नाव बघून! त्यानंतर आलेला प्रत्येक जण वरपक्ष. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच निरोप: ‘बसून राहा, मान घ्या.’

“अगं, वाढणार कोण?” सासूबाई दारातून ओरडल्या.

“दोन मिनिटं, आई! दुरुस्त करते.”

त्यांच्या मागून केतकीचे बाबा डोकावले. थोरल्या दोघी लेकींच्या लग्नांत हात जोडून धावाधाव करणाऱ्या बाबांच्या डोक्यावर आज भरजरी फेटा होता आणि हातात पन्ह्याचा पेला.

“बाळा,” ते हळूच म्हणाले, “निवांत कर हं.”

केतकीने लॅपटॉप मिटला.

“आई, दोन तास तरी लागतील हो!”