बरेलीचा माणूस

पाचाडला, गडाच्या रस्त्याला लागून नीलाची छोटी खानावळ आहे. त्या दुपारी तिथल्या बाकड्यावर बरेलीची शशी भाभी बसली होती आणि नीलाचा नवरा मोरू तिला मोसंबं सोलून देत होता.

नीला चुलीपुढून बघत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात मोरूनं तिला कधी शेंगदाणासुद्धा सोलून दिला नव्हता.

शशी ही मोरूची बरेलीची घरमालकीण. महाडच्या कंपनीनं त्याला तिकडच्या कारखान्यात धाडलं, आणि नोकरी संपेपर्यंत तो तिच्या गच्चीवरच्या खोलीत राहिला. गावाला यायचा तो गणपतीपुरता. शशी गड बघायला येतेय असा फोन आला, तेव्हापासून नीलाला घास गोड लागत नव्हता. पण गाडीतून उतरली ती पिकल्या केसांची, सुजल्या गुडघ्यांची बाई. तिचा मुलगा आणि सून रोपवेनं वर गेली. तो हलता डबा बघूनच हिला भोवळ आली, म्हणून ही खाली थांबली. नीलाचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं फार वेळ राहिला नाही.

"भाभी, छत पे धूप अब भी आती है?" मोरूनं विचारलं.

"कहाँ भैया. सामनेवालों ने ऊपर दो मंज़िल चढ़ा ली."

मोरूला खरंच वाईट वाटलं. मग तो नीलाकडे वळून सांगू लागला. थंडीत तिकडं असं धुकं पडतं, की समोरची सायकलरिक्षा दिसत नाही, नुसती घंटी ऐकून बाजूला व्हायचं. मग कधीतरी ऊन पडतं आणि अख्खी गल्ली गच्चीवर येते. बाया लोकर घेऊन, पोरं पतंग घेऊन, म्हातारे रजया घेऊन. शेंगांच्या टरफलांचा खच. भांडणंसुद्धा या गच्चीवरून त्या गच्चीवर. सांगताना तो हातवारे करत होता, हसत होता. नीला बघतच राहिली. घरात तो 'वाढ' म्हणायचा, 'उचल' म्हणायचा आणि उरलेला वेळ रस्त्याकडे बघत बसायचा.

शशीचं लक्ष नीलाच्या हातातल्या भाकरीकडे गेलं.

"हमारे यहाँ तो इतवार को भैया ही रोटी बनाते थे," ती म्हणाली. "पूरे घर की. ऐसी गोल, कि मेरी सास मुझे ताने देती थीं. कहतीं, मराठे से सीख."

मोरू मान खाली घालून साली गोळा करू लागला.

नीलाची भाकरी तव्यावर पडली ती कड दुमडून. लेक सेजल पोटात होती तेव्हा अंगात ताप असताना तिनं भाकऱ्या थापल्या होत्या, आणि हा रजेवर आलेला माणूस हात धुऊन पाटावर येऊन बसला होता. सवत असती तर नीलानं तिच्या झिंज्या धरल्या असत्या. पण बरेलीत राहून गेलेला हा हसरा माणूस तिला कधी भेटलाच नव्हता, आणि या म्हातारीनं त्याच्या हातचं खाल्लं होतं.

"इधर भी वोच बनाते," नीला म्हणाली. आणि तिनं भाकरी उलटली.

मोरूनं चमकून वर पाहिलं.

मुलगा-सून गडावरून उतरली. शशीनं नीलाच्या हातात गजकचा, तिकडच्या तीळगुळाच्या वड्यांचा डबा ठेवला, तिला पोटाशी धरलं आणि गाडीत बसली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मोरू हात हलवत उभा होता. मग आत येऊन बाकड्यावर बसला आणि त्याचा चेहरा पुन्हा रोजच्यासारखा झाला.

नीलानं पीठ मळून परात त्याच्यापुढं आणून ठेवली.

"थापा."

मोरूनं उघड्या दारातून बाहेर पाहिलं. समोर झाडाखाली रिक्षावाले गप्पा मारत होते. शेजारचा चांगू दुकानापुढं पाणी मारत होता.

"येडी हाय काय गो तू? लोकं काय म्हनतील?"

"तिकडं लोकं नव्हती?"

मोरूनं परात थोडी मागं सरकवली.

"व्हती," तो म्हणाला. "पन तिकडं मला कोन वळखत नव्हतं."

गड उतरून आलेली माणसांची एक टोळी खानावळीच्या दिशेनं येत होती. नीला उठली. तिनं पुढचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.